अतारांकित

अंबडला, डब्ल्यू सेक्टरच्या टोकाला आमचं शेड.
बाहेर नाव नाही, नुसता प्लॉट नंबर.
मी तपासनीस. वीस वर्षं
मायक्रोमीटरच्या जबड्यात पितळी बोंडं धरतेय.
ड्रॉइंगवर त्यांना अकरा आकडी क्रमांक आहे.
इद्रिसभाई म्हणतात, चाफेकळ्या.
लेथवरून उतरताना, तेलात भिजलेल्या,
खरंच दिसतात तशा.

पाच मायक्रॉन चुकलं की बाद.
बाद मालाला लाल रंग, लाल डबा, डब्याला कुलूप,
किल्ली माझ्या पदरात.
पास झालं तर माझी सही, वर सुपरवायझरची,
वर दर गुरुवारी येणाऱ्या साहेबांची.
तीन सह्यांशिवाय एक कळी दाराबाहेर पडत नाही.
दाराबाहेर पडली की चलनावर
"मूळ करारानुसार" एवढंच.

फेब्रुवारीत डबल शिफ्ट लागली.
कुणी म्हणालं निर्यात. कुणी म्हणालं मदत,
फुकट, मैत्रीखातर.
मालकांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

आमचे दौलतभावजी मोहाडीला द्राक्षं पॅक करतात.
पेटीवर कोड असतो.
रॉटरडॅमच्या दुकानात एखाद्या बाईने घड उचलला
तर तिला काढता येतं: कुठल्या गटातली वेल,
शेवटची फवारणी कधी, नमुना कुणी नेला.
औषधाचा अंश किती चालेल
हे तिथल्या निवडून दिलेल्या माणसांनी
हात वर करून ठरवलंय.
एका साली अंश केसभर जास्त निघाला,
आख्खा कंटेनर माघारी.
भावजी आठ दिवस नीट जेवले नाहीत.
मी ताटात वाढत होते आणि मनात आलं,
माझा घड कोण उलटून बघतं?

पाथर्डी फाट्याला आमची सोसायटी.
पाण्याची मोटर बदलायची, साडेचौदा हजार,
तर सर्वसाधारण सभा. तीन कोटेशनं.
बेळेकाका चष्मा पुसून मागचं इतिवृत्त वाचतात,
कुणाला तरी स्वल्पविरामावर हरकत असते.
हॉल बाहेरच्या लग्नाला द्यायचा का,
यावर मागे पावणेदोन तास.
मला जांभया यायच्या.
हल्ली त्या जांभयांचा मान ठेवते.

पुतणी कायदा शिकते. तिने फोनवर दाखवलं:
दिल्लीत कुणी प्रश्न टाकलाय.
कुठल्या देशांना, किती, कोणत्या अटीवर,
आणि देण्याआधी सभागृहाला विचारतात का.
वर लिहिलेलं, अतारांकित.
मला आधी अवसेची रात्रच आठवली.
काकू, ती म्हणाली, तारा असला
की मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं,
वरून उपप्रश्न येतो.
तारा नसला की कागद येतो.

कागदावर अ, ब, क, ड.
चौघांना मिळून एक उत्तर:
तपशील उघड करणे राष्ट्रहिताचे नाही.
पाच शब्द. मी मोजले, मोजणं माझं कामच.

राष्ट्रहिताशी माझं भांडण नाही.
दीर तोफखान्यात होते, डावा कान तिथेच ठेवून आले.
ड्रॉइंग कुणाला दाखवा असं मी म्हणत नाही.
दारं लावून घ्या. फोन बाहेर ठेवा.
पण आत कुणीतरी विचारा,
कुणीतरी नको म्हणा,
मग हात मोजा, आणि जे ठरेल त्याखाली
नाव घाला. लाल डबा तुमच्याकडेही असू द्या.
मी तीन सह्या बघते रोज.
चौथीची जागाच छापलेली नाही.

देवळालीकडून आवाज येतो, मांडणीतल्या ताटल्या हलतात.
आम्ही जेवत राहतो.
नोटीस आलेली असते पेपरात, चौकोनात, बारीक टायपात:
अमुक तारखांना सराव,
अमुक गावांच्या अमुक गटांत
कुणी जाऊ नये, जनावरे सोडू नयेत.

तिकडे, जिथे माझी सही जाऊन पडते,
किती दिवस आधी छापतात?
कितव्या पानावर?
शेळ्या आत घ्यायला वेळ मिळतो?